ग्रुनेराइटची वात

नवरात्रात सुट्टी घेऊन मी देऊळगाव राजाला घरी आले, बॅग ओसरीत टाकली, पाय धुतले आणि देवघरात जाऊन घटाला नमस्कार केला. अखंड दिवा तेवत होता. मी वाकले, उठले आणि परत वाकले. दुसऱ्यांदा वाकले ते भक्तीनं नाही. दिव्यातली वात मला ओळखीची वाटली म्हणून.

कापसाची वात जळते तशी ती जळत नव्हती. टोकावर काजळी होती, काजळीखाली विटकरी तांबूस रंग चढला होता, आणि तेलात बुडालेला भाग तपकिरी, रेशमासारखा चमकत होता. असा रंग आणि अशी चमक मी भिंगाखाली पाहिली आहे. देवापुढे पाहीन असं वाटलं नव्हतं.

"आई, ही वात कशाची आहे?"

आई स्वयंपाकघरात उपासाची भगर निवडत होती. "तुह्या बाबाले इचार," ती म्हणाली. "पण चांगली आहे बाप्पा. घट बसल्यापासून एकदाबी पुढं सरकवा लागली नाही. नाहीतर दरवर्षी मले त्या वातीपायी झोप नसते."

बाबा मागच्या अंगणात कोणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि हसले. दारातल्या माणसाला आपलं गुपित कळलंय हे ओळखलं की ते असे हसतात.

"पाह्यली का? तुह्याच दगडाची आहे."

इथं दगडाबद्दल सांगायला हवं. मी भूवैज्ञानिक आहे. विदर्भाच्या पूर्व टोकाला लोखंडाच्या खनिजाचा शोध घ्यायचं काम करते. यंत्रानं जमिनीत खोल भोक पाडून दगडाचे लांब दंडगोल वर काढतात, ते तपासून कुठल्या खोलीवर काय आहे हे मी लिहिते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जिथं खणाल तिथं काळा दगड, त्यामुळे माझ्या कामाचं काही इथं सापडत नाही. तिकडं मात्र लोखंडाचे पट्टे फार जुने आहेत, आणि ते पट्टे कधीकाळी जमिनीच्या पोटात जिथं खूप तापले आणि दाबले गेले तिथं क्वचित ग्रुनेराइट नावाचं खनिज तयार होतं. ॲम्फिबोल नावाचं खनिजांचं एक मोठं कुळ आहे, त्यातलं हे लोखंडानं भरलेलं. बहुतेक वेळा ते दगडात बारीक सुयांसारखं बसलेलं असतं आणि कोणाच्या खिजगणतीतही नसतं. पण एखाद्या फटीत त्याचे लांब, मऊ तंतू वाढतात. कापसासारखे हातानं सुटतात, आगीत जळत नाहीत. तसं तंतुमय ग्रुनेराइट म्हणजे ॲस्बेस्टॉसची एक जात. तंतू मोडत मोडत इतके बारीक होतात की दिसत नाहीत, हवेत तरंगतात, श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथंच राहतात. त्यांचा आजार उगवायला अर्धं आयुष्य जातं.

तसा एक तळहाताएवढा तुकडा मला मिळाला होता. दुर्मिळ म्हणून ठेवला. कंपनीचं घर सारखं बदलायचं, म्हणून माझे बाकीचे दगड जसे आईबाबांकडे पेटीत होते, तसा हाही ठेवला. दोन पिशव्यांत बंद करून, पत्र्याच्या डब्यात घालून, डब्यावर ठळक मराठीत चिठ्ठी लावली होती: उघडू नये, धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

"बाबा, डब्यावर चिठ्ठी होती."

"हाव. वाचली ना."

"मग?"

"धूळ कुठं काढली मी? धागे काढले."

मी अंगणातल्या बाजेवर बसले. बाबा जन्मभर टेलिफोन खात्यात होते. तारांच्या जाड जुडग्यातून रंगावरून नेमकी जोडी उचलून जोडायची, यात त्यांचा हात धरणारा आख्ख्या तालुक्यात नव्हता. घराघरातले तारेचे फोन गेले आणि ते निवृत्तही झाले, पण हात काही थांबले नाहीत. पंखे, मिक्सर, शेजारच्यांचे रेडिओ, देवळातला भोंगा, जे दिसेल ते उघडायचे. दसऱ्याच्या आधी घर झाडताना पेटी उघडली, डबा दिसला, आणि एकदा मी फोनवर या दगडाबद्दल जे सांगितलं होतं ते त्यांना आठवलं. मी सांगितलं होतं की हे जळत नाही आणि छातीला घातक आहे. त्यातलं जळत नाही एवढं त्यांनी घेतलं.

"तू म्हणली होती ना जळत नाही म्हणून? मी म्हणलं पाहू. काडी लावली. लाल होते, पण जळत नाही. मंग म्हणलं, याची वात काऊन करू नये?"

"घातक आहे असंही म्हणले होते."

"तू कशालेबी घातक म्हणते. मागं खारे शेंगदाणेबी घातक म्हणली होती."

आता मला विचारायचं होतं ते विचारायची भीती वाटत होती. "धागे सोडवले कसे?"

"ओसरीत बसून. आधी बोटानं. गुंता होऊन राह्यला होता, मंग फणीनं विंचरले. थोडा कापूस मिसळला आन वळल्या वाती. भारी वळते."

"कोणाच्या फणीनं?" हे आईनं विचारलं. ती भगरीचं ताट हातात घेऊन दारात आली होती.

बाबांनी मिक्सरमध्ये डोकं घातलं.

"माह्या फणीनं? जी मी तवापासून डोक्यात घालून राह्यली?"

त्या दुपारी मी सगळं घर ओल्या फडक्यानं पुसलं. ओसरी, खिडक्या, बाजा, पंख्याची पाती, पेटी, आणि पेटीतले बाकीचे बिचारे दगडसुद्धा. कोरडा झाडू मारू दिला नाही. फणी, उरलेला तुकडा आणि पुसायची फडकी ओली करून पिशवीत बंद केली. आई मागं मागं फिरत म्हणत होती की नवरात्रात असं घर पुसायचं नसतं, आणि बाबा म्हणत होते की मी तमाशा करते आहे. दोघांचं एकमत झालेलं मी फार क्वचित पाहिलं आहे.

देवघरातली वात आमचीच होती, तिचा प्रश्न आईनं मिटवला. दिव्यात कापसाची नवी वात घातली, तिला जुनीची ज्योत लावली, ती धरली तेव्हा जुनी चिमट्यानं उचलून पाण्याच्या वाटीत टाकली. दिवा क्षणभरही विझला नाही. वात तेलात भिजलेली असली की तंतू उडत नाहीत, त्यामुळे तशी घाई नव्हती, पण मला ती डोळ्यासमोर नको होती.

मग मी जेवताना विचारलं, "बाबा, अजून कोणाला दिल्या?"

बाबांनी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला त्यावरून मला कळलं. एक समोरच्या काकूंना दिली होती. एक सुलतानपूरला मामांकडे. आणि जानेफळला त्यांच्या चुलतभावाला, माझ्या काकाला, वात तर दिलीच होती, वर न वळलेल्या धाग्यांचा पुडाही दिला होता. "त्यानं मागितला. गावात दाखवायले."

"आता फोन करून सगळ्यांना सांगा."

"काय सांगू? दिलेली वात परत द्या? नवरात्रात? मी नाही सांगत. तुले सांगायचं त सांग."

समोरच्या काकू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, शांतपणे समजावलं. त्या आधी हसल्या. "एवढ्याशा वातीनं काय होते गं?" मी म्हटलं, होत काही नाही, पण कोरडी हाताळायची नाही, मला द्या. त्या म्हणाल्या, काही होत नाही तर राहू दे. मग मी थोडं जास्त सांगितलं. ॲस्बेस्टॉस हा शब्द उच्चारला आणि फुप्फुसाचा कर्करोग हाही उच्चारला. काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मागच्या उन्हाळ्यापासून येणारा खोकला, सुनेची दमणूक आणि नातवाचं नाक गळणं एका दमात त्या वातीच्या खाती लावलं. वात आठवडाभरापूर्वी आली होती. हे मी सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्ही लोक आधी लपवताच." मी वाटी घेऊन बाहेर पडले तेव्हा त्या मुलाला फोन लावत होत्या.

रस्त्यात उभी राहून मी विचार केला की आता सांगायचं तरी कसं. कमी सांगितलं तर लोक ऐकत नाहीत, पुरं सांगितलं तर रडारड. एका वातीनं कोणी मरत नाही, तरीही ती घरात ठेवू नये, हे साधं मधलं वाक्य कोणाच्या कानात शिरत नव्हतं. आणि खरं तर त्या मधल्या वाक्यावरच माझी नोकरी चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सुलतानपूरला निघाले. आई म्हणाली, "मी येते. तू एकटी गेली त माही भावजय तुले उभं नाही करणार." बाबा आले नाहीत. ते रुसले होते. निघताना फक्त म्हणाले, "मामाले म्हणा, मिक्सर झाला आहे."

शेतांत सोयाबीनची मळणी चालू होती. मळणीयंत्राच्या धुळीचा ढग रस्त्यावर येत होता, आणि बसमधले सगळे त्यातून श्वास घेत गप्पा मारत होते. मी खिडकी लावली. शेजारच्या बाईनं उघडली.

मामांकडं पोचल्यावर पाणी झालं, फराळाचं झालं, मग मी विषय काढला. मामांनी ऐकून घेतलं. ते शेतकरी माणूस, आवाज न चढवता वाद घालणारे, आणि असा माणूस मला नेहमी जड जातो.

"म्हणजे याच्यात ते ॲस्बेस्टॉस आहे."

"हो."

"आन ते गोठ्यावर सिमेंटचे पत्रे आहेत, त्याच्यातबी तेच म्हणतेत ना?"

मी म्हटलं की त्यात असतं ते वेगळ्या खनिजाचं असतं, आणि ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं असतं, तुटेपर्यंत उडत नाही.

"मागच्या वावधनाच्या वाऱ्यात एक फुटला. तुकडे मीच गोळा केले. मंग?"

"ओले करून उचलायला पाहिजे होते."

"बरं. आन दुकानात ते पत्रे मिळतेत का नाही?"

"मिळतात."

"सरकारनं बंद केले का?"

"नाही."

"शाळेवर आहेत का?"

मी मान डोलावली. मामांनी सुपारी कातरली. "तुले खोटं म्हणून नाही राह्यलो पोरी. पण डोक्यावर येवढा पत्रा, आन तू दिव्यातली एक वात काढायले देऊळगाव राजाहून आली. मी काय समजू?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पत्र्यातलं खनिज सापाच्या कातडीसारखं दिसणाऱ्या दुसऱ्याच कुळातलं असतं, ते तुलनेनं कमी वाईट मानतात आणि त्यावरही भांडणं चालू आहेत, हे सगळं मला माहीत आहे. पण गोठ्याच्या पत्र्याखाली बसून ते सांगणं म्हणजे छपराला भोक पडलेलं असताना कौलांचे प्रकार समजावणं. मी एवढंच म्हटलं, "मामा, पत्रा माझ्या हातात नाही. वात आहे. ती माझ्या घरातून आली."

मामांनी मान हलवली. "हे पटलं. पण दिवा तुह्या मामीचा आहे."

मामी दारातूनच म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत दिव्याले हात लावू देणार नाही." त्यांचं बरोबर होतं की चूक, हा मुद्दाच नव्हता. त्यांच्या घरी तो दिवा त्यांच्या सासूच्या आधीपासून नवरात्रात विझला नव्हता, आणि तो माझ्यासारख्या बाहेरगावी राहणाऱ्या भाचीच्या सांगण्यावरून हलवायचा म्हणजे उद्या घरात काहीही झालं तरी बोट तिकडेच जाणार.

मग आई उठली. ती माहेरी आली की अर्ध्या आवाजात बोलते, पण लोक ऐकतात. तिनं भावजयीला आत नेलं. मी दारात उभी राहिले. आईनं आपल्या पिशवीतून कापसाची वात काढली. ती तिनं घरूनच वळून, तुपात बुडवून आणली होती. मला सांगितलंही नव्हतं.

"वहिनी, मी घरी असंच केलं. आधी ही लावायची. ही धरली की ती काढायची. ज्योत तीच राह्यते. तुमच्या सासूबाईबी वात संपत आली की असंच करत होत्या. मी पाह्यलं आहे, मी याच घरात वाढली."

मामींनी दिव्याकडं पाहिलं. "पण मंग ही काढतो कोण?"

"मी काढते. नणंदेचा हात लागला त चालते ना?"

नवी वात धरली. आईनं चिमट्यानं जुनी उचलली, माझ्या हातातल्या पाण्याच्या वाटीत सोडली. चर्र आवाज आला. मामींनी हात जोडले आणि लगेच म्हणाल्या, "आता जेवूनच जा." मला एवढ्या तासाभराच्या वादानंतर रडू येईल की काय असं झालं होतं, आणि आई मात्र पोळ्या लाटायला बसली, जशी ती रोज हेच करते.

आई तिथंच राहिली. मी मेहकरच्या गाडीत बसले आणि तिथून जानेफळला गेले.

जानेफळला काकाच्या घरी कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, "ते देवीच्या मंडपात आहेत. तुमचीच वाट पाहून राह्यले." बाबांनी फोन केला नव्हता, पण आईनं मामांकडून केला होता, आणि मी येते आहे एवढंच सांगितलं होतं. का येते आहे ते काकानं स्वतः ठरवलं.

मंडपात माइकवर माणूस बोलत होता. देवीपुढं मोठी समई होती आणि तिच्या एका तोंडात तीच तपकिरी वात. काकानं मला हाताला धरून पुढं नेलं. काही समजायच्या आत माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि माइकवाल्यानं सांगितलं की आपल्या गावची लेक, जिनं जमिनीच्या पोटातून न जळणारी वात शोधून काढली, तिचा मंडळातर्फे सत्कार होत आहे. टाळ्या झाल्या. मी काकाकडं पाहिलं. तो इतका खूश होता की डोळ्यात पाणी होतं.

"दोन शब्द बोल," तो म्हणाला.

मी बोलले. जमेल तितकं सोपं, जमेल तितकं थोडक्यात. हा दगड लोखंडाच्या खाणीजवळ मिळतो, फार मिळत नाही. याचे धागे जळत नाहीत हे खरं आहे. पण सुके धागे श्वासात गेले तर छातीला अपाय करतात. वात तेलात आहे तोवर उडत नाही, पण ती काढून मला परत द्यावी, आणि कोणी हातात घेऊन विस्कटू नये. मी परत परत सांगते, घाबरू नये, पण घरात ठेवू नये.

पुन्हा टाळ्या झाल्या. पहिल्यापेक्षा जास्त. भोंग्याचा आवाज इतका फाटका होता की मागच्यांना फक्त लोखंड आणि जळत नाही हे ऐकू गेलं असावं. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "छान बोललीस बाई. आमच्या सगळ्यांले एकएक दे."

मी काकाला मंडपाच्या बाजूला नेलं. "काका, वात दसऱ्यापर्यंत राहू द्या. तेलात आहे, काही बिघडत नाही. दसऱ्याला ओलीच काढा आणि पिशवीत घालून ठेवा. पण तो पुडा कुठं आहे?"

"कोणता?"

"बाबांनी दिला तो. सुट्या धाग्यांचा."

काकानं सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला पुडा बाहेर काढला आणि मी काही बोलायच्या आत उघडला. "हे पाह्य. सगळ्यांले दाखवतो. असं बोटानं फिरवलं की फुलते."

"काका, हात लावू नका. श्वास रोखा. मागं सरका."

तो मागं सरकला नाही, पण थांबला. बहुधा मी मोठ्यांशी अशी कधी बोलत नाही म्हणून. मी जवळच्या तांब्यातलं पाणी कागदावर ओतलं. धागे बसले. मग तो सगळा लगदा पिशवीत घातला, तोंड बांधलं, दुसऱ्या पिशवीत घातलं.

"पाण्यात भिजवला. आता फुलणार नाही," काका म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "दादानं मले दिला होता ना."

"तो सदरा आज कोरडा झटकायचा नाही. तसाच पाण्यात बुडवायचा. काकूंना सांगा."

"एवढं वाईट आहे का ते?"

"किती दिवस दाखवताय?"

"घट बसल्यापासून." त्यानं थोडा विचार केला. "मंग मी आता काय करू?"

मी खरं सांगितलं. करण्यासारखं काही नाही. एवढ्याशानं बहुतेक काही होणार नाही. पुन्हा करू नका. काकानं नारळाकडं पाहिलं, तो अजून माझ्या हातात होता. "मंग मी हा सत्कार उगीच केला," तो म्हणाला, आणि मला त्याचा राग यायचा राहून गेला. आख्ख्या प्रवासात साठवून आणलेला राग होता, तो कुठं ठेवावा कळेना.

परत आले तर बाबा ओसरीत बसलेले. माझी शाल पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. मला आता त्यांची काळजी होती. बाकी सगळ्यांच्या हाती ओली वात होती किंवा आठवडाभराचा पुडा. सुके धागे तासन् तास विंचरणारे तेच. मी म्हटलं, जालन्याला जाऊ, छातीचा फोटो काढू. ते म्हणाले मला काही झालेलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच आत्ता काढून ठेवू. ते म्हणाले, याला काही अर्थ आहे का? आई सुलतानपूरहून फोनवर म्हणाली, "जाऊन या. नाहीतर ही पोरगी मलेबी नेईल."

डॉक्टरांनी फोटो पाहिला, फुप्फुसं चांगली आहेत म्हणाले. मी त्यांना काय घडलं ते सांगितलं. त्यांनी बाबांकडं पाहिलं, वय विचारलं. मग मला म्हणाले की याचा परिणाम दिसायचाच असला तर वीस-तीस वर्षांनी दिसतो, आत्ता फोटोत काही येणार नाही, आणि एवढ्या थोड्या संपर्कानं काही होण्याची शक्यता फारच कमी.

बाबांनी हे नीट ऐकलं. "म्हणजे तीस वर्षं तर धोका नाही."

"तसं नाही, बाबा."

"डॉक्टरसाहेबच म्हणून राह्यले." ते उठले, फोटोचं पाकीट काखेत मारलं आणि आधीच बाहेर जाऊन उभे राहिले.

बसमध्ये, जालना मागं पडलं तेव्हा बाबा खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "तुले सांगतो. कोणी येत नाही आता. पहिले लाईन गेली की लोक दारात उभे राह्यत. साहेब, फोन मेला, या जरा. रात्री-बेरात्री मी खांबावर चढत होतो. आता मिक्सर आणतेत, तेबी बायाच. या वातीपायी आठवडाभर लोक घरी आले. इचारत होते, कशी केली म्हणून."

मी म्हटलं, "मला फोन करून विचारायचं होतं."

"इचारलं असतं त तू नाही म्हणली असती."

"हो."

"मंग?"

मी पर्स मांडीवर धरून बसले होते. वाहक तिकिटाला आला तेव्हा बाबांनी त्याला सांगितलं, "माही मुलगी दगडाची डॉक्टर आहे." मी डॉक्टर नाही. मी ते सुधारलं नाही.

दसऱ्याला काकानं आपली वात पाठवली. जानेफळहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर, तेलकट, चांगल्या तीन पिशव्यांत गाठी मारून, वर सुतळी गुंडाळून. इतकी बांधली होती की पुडकं नारळाएवढं झालं होतं. मी ते, आमची आणि मामींची वात, समोरच्या काकूंची वात, पुड्याची पिशवी, फणी, फडकी आणि उरलेला दगड असं सगळं एका डब्यात भरलं आणि कामावर परत जाताना बरोबर नेलं. तिथं अशा गोष्टी ठेवायला नीट जागा आहे.

बाबा दसऱ्याची आपट्याची पानं द्यायला समोर काकूंकडे गेले. काकूंनी दार उघडलं, पानं घेतली, आणि चहाला बसा म्हणाल्या. चहा पिता पिता त्यांनी टीव्ही खराब झाल्याचं सांगितलं असावं, कारण बाबा परत आले ते पेचकस शोधतच. मी बॅग भरत होते.

"तुह्या बॅगेत ओला कपडा आहे का एखादा? टीव्हीच्या मागं फार धूळ साठली आहे म्हणे."

मी त्यांना माझा जुना टॉवेल भिजवून, पिळून दिला.